प्रश्न तुमचे : गावच्या हॉलमधला संगीत-माहितीपट महोत्सव

गणपतीत पडदा लावून सिनेमा दाखवणे सीमाभागाला नवे नाही. पण संगीतावरचे माहितीपट आणि घरच्या साधनांनी केलेले लघुपट असा दोन दिवसांचा महोत्सव घ्यायचा आहे, तर कुठून सुरुवात करायची, अशी पत्रे अलीकडे बरीच येत आहेत. त्यांतले नेहमी विचारले जाणारे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

शाळेचा हॉल आहे, वर पत्रा आहे, दीडशे माणसे बसतात. पैसे मोजकेच. प्रोजेक्टरवर जास्त घालावेत की साऊंडवर?
— युवक मंडळ, येळ्ळूर

साऊंडवर. चित्र थोडे फिके असले तरी लोक बसतात. गाणे फाटके वाजले की चप्पल शोधायला लागतात.

प्रोजेक्टरचा हिशेब सोपा आहे. दहा फूट रुंद पडद्याची उंची १६:९ प्रमाणात साधारण ५.६ फूट, म्हणजे ५६ चौरस फूट. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर फेकतो त्या उजेडाचे माप; त्याला या ५६ ने भागले की पडद्यावरचा उजेड फूट-लँबर्टमध्ये मिळतो. खरे ३००० ल्युमेन असतील तर आकडा ५३ च्या आसपास येतो. थिएटरचे प्रमाण १४ आहे. म्हणजे अंधार करता आला तर ३००० ल्युमेन भरपूर झाले आणि खिडक्या उघड्या राहिल्या तर ५००० सुद्धा कमी पडतात. तेव्हा मोठ्या प्रोजेक्टरचे भाडे देण्याऐवजी खिडक्यांना काळे कापड दुहेरी लावा. भाड्याने घेताना 'एएनएसआय ल्युमेन किती?' असेच, म्हणजे प्रमाण पद्धतीने मोजलेला आकडा विचारा. खोक्यावर छापलेल्या ९००० वर जाऊ नका. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असेल तर दहा फुटी पडद्यासाठी प्रोजेक्टर पंधरा फुटांवर लागेल. तो तिरका ठेवून कीस्टोनने (प्रोजेक्टरमधली चित्र चौकोनी करायची सोय) चित्र सरळ करण्यापेक्षा टेबलाखाली विटा घाला. कीस्टोन चित्राचे पिक्सेल खातो.

आता साऊंड. आपल्याकडचा साऊंडवाला लग्न, वरात आणि मिरवणूक डोळ्यांसमोर ठेवून सामान आणतो: अठरा इंची दोन बेस आणि वर कर्णकर्कश ट्वीटर. त्यावर तंबोरा ऐकूच येत नाही आणि तबल्याचा बायाँ सगळ्यांवर बसतो. त्याला स्पष्ट सांगा, बारा इंची टू-वे पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) बॉक्स दोन, छोटा मिक्सर एक, बेस नको. बॉक्स पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंच स्टँडवर आणि तोंडे किंचित आत वळवलेली असावीत. चार कोपऱ्यांत चार बॉक्स लावायचा आग्रह होईल, ऐकू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे पंधरा मीटर मागे पोचायला त्याला ४४ मिलिसेकंद लागतात. मागच्या बॉक्समधून तोच आवाज आधी आला की प्रत्येक टाळ दोनदा वाजतो. हॉल फारच लांब असेल आणि मागे बॉक्स हवेच असतील, तर मिक्सरवर तेवढा डिले देता आला पाहिजे.

पत्रा आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर सतरंज्या, घोंगडी, मंडपवाल्याचे जाड पडदे भिंतीपासून चार-सहा इंच सोडून लटकवा. खाली जमखाने घाला. माणसे बसली की घुमारा आणखी कमी होतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ट्रेबल उगाच कापून ठेवू नका.

आणि आता घोटाळा होतो ती जागा: लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंतची केबल. लॅपटॉपच्या हेडफोन पिनला एका बाजूला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला एकच एक्सएलआर (माइकची तीन पिनांची गोल पिन), अशी तयार केबल दुकानात मिळते. ती मिक्सरच्या माइकच्या इनपुटला लावली की डावा आवाज एका तारेवर, उजवा दुसऱ्या तारेवर जातो आणि मिक्सर दोन्हींमधला फक्त फरक घेतो. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज पुसला जातो, आणि गायकाचा आवाज नेमका दोन्हीकडे सारखा असतो. मग गाणारा गायब, कडेचे टाळ आणि एको मात्र ऐकू येतात. लोक फिल्मवाल्याला नावे ठेवतात, दोष केबलचा असतो. ३.५ मिमीमधून दोन वेगळ्या ६.३५ मिमी मोनो पिना निघणारी केबल घ्या, एक डाव्या चॅनेलला आणि एक उजव्याला. 'हम्म' असा सलग आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बंद झाला तर अर्थिंगचा लूप आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर, मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, नाहीतर ग्राउंड-लिफ्ट (अर्थिंग तोडायचे बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर यांना जोडणारी छोटी डबी, मध्ये लावा. प्लगची अर्थिंगची पिन मोडायचा 'जुगाड' कुणी सुचवेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा.

शेवटचे एक काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नका. यूट्यूबसाठी मिक्स केलेली फिल्म उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचे माप) आसपास असते, टीव्हीच्या युरोपीय प्रमाणातली उणे २३. फरक ९ डेसिबलचा. एक फिल्म ओरडेल, दुसरी कुजबुजेल. आदल्या दिवशी प्रत्येक फिल्मची तीन मिनिटे वाजवून मिक्सरच्या फेडरची जागा कागदावर लिहून ठेवा. मधल्या रांगेत बोलणे ६५ ते ७० डेसिबल, गाणे ८०–८५ च्या पुढे नाही, एवढे मोबाइलवरच्या मीटरनेही जमते. सगळ्या फिल्म सॉफ्टवेअरने सरसकट एका पातळीला दाबून आणू नका. आलाप आणि द्रुत यांतला फरकच मारला जातो.

फिल्म पेनड्राइव्हवर, लिंकवर, व्हॉट्सॲपवर अशा कशाही येतात. काय मागावे?
— महोत्सव समिती, निपाणी

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल घेऊच नका. तो चित्रही दाबतो आणि आवाजही. नियमावलीत एवढेच छापा: एमपी४, एच.२६४, १९२०×१०८०, १५ ते २० एमबीपीएस, आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ, फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रे) स्थिर. शेवटची अट मोबाइलवाल्यांसाठी आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमदर खालीवर करतो. अशी फाइल एडिट केली की दहा मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. एडिटिंगच्या आधीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून ती फिरवून घ्यायची.

थिएटर भाड्याने घेणार असाल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी प्रत, लागेल. डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर ते करून देते. इथे संगीताच्या फिल्मला एक खास धोका आहे. आपल्याकडे बरेच चित्रण २५ फ्रेम्सवर होते आणि जुने थिएटर सर्व्हर २४ मागतात. २५ ची फिल्म २४ वर चालवली की वेग ४ टक्के मंदावतो आणि स्वर सुमारे ०.७ अर्धस्वराने उतरतो. काळी एकमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी एकला येते! बोलक्या माहितीपटात कुणाला कळणार नाही. आपल्या भागात मात्र पहिल्या रांगेत पेटीवाला बसलेला असतो. थिएटरला २५ चालते का ते आधी विचारा. चालत नसेल तर आवाजाची लांबी स्वर न बदलता ताणून घ्या आणि पेटी घेऊन तपासा.

प्रत्येक फिल्म चालणार त्याच लॅपटॉपवर, त्याच प्लेयरमध्ये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघा. पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका, लॅपटॉपवर उतरवून घ्या. एका खेळात ७०–८० मिनिटांपेक्षा जास्त लघुपट कोंबू नका आणि दोन भजनी फिल्म लागोपाठ लावू नका.

मोबाइलवर यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्याचे, म्हणजे त्यांच्या तारेच्या तालवाद्याचे, चित्रण केले. आवाज फाटतो, शिवाय चित्रात काळे पट्टे सरकतात. मोबाइल खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

मोबाइल ठीक आहे. पट्टे विजेचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल ३० फ्रेम्सवर १/६० शटरने चित्र घेतो, दोघांचे जमत नाही. मॅन्युअल कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये २५ फ्रेम्स, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील.

आवाज फाटतो तो मोबाइलच्या आपोआप गेनमुळे; गेन म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. गाणे शांत असताना तो गेन वर चढवतो, चौंडक्याचा टणत्कार आला की फाटतो आणि मग एकदम दाबतो. पुढचे दोन शब्द बुडालेले ऐकू येतात ते त्यामुळे. वेगळा रेकॉर्डर घ्या: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका गेन. अंतर दोन ते तीन हात, गाणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला, वाद्य कडेला. चौंडक्याला आवाज कमी पडत नाही, शब्दांना पडतो. हलगी किंवा संबळ असेल तर आणखी मागे या. रेकॉर्डर आणि मोबाइल दोन्ही सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीची फ्रेम आणि टाळीचा ठोका जुळवला की काम झाले. डोंगरावर चित्रण असेल तर माइकवर फरचे टोपडे हवेच. वाऱ्याचा घुर्रर आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

हलगी वाजवणारे कातडे शेकायला थांबतात, तेही चित्रित करा. दमट हवेत कातडे ढिले पडते आणि आवाज बसतो, म्हणून शेकणे हा वादनाचाच भाग आहे. नवखे फिल्मवाले नेमके तेव्हा कॅमेरा बंद करतात.

प्रेक्षक अर्धे कानडी, अर्धे मराठी. सबटायटल टीव्हीवर लावले की अक्षरे फुटतात.
— वाचनालयाचे कार्यकर्ते, चिकोडी

दोन वेगळे रोग आहेत. मजकूर श्री-लिपी, नुडी यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर दुसऱ्या मशीनवर नुसता कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून एसआरटी फाइल (सबटायटलची फाइल) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. मजकूर युनिकोड असूनही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षर सुटते, कानडी ओत्तक्षर खाली न बसता शेजारी येते, असे होत असेल तर टीव्हीच्या प्लेयरला आपल्या लिप्या जुळवता येत नाहीत. त्याला उपाय एकच, सबटायटल चित्रातच पक्के छापायचे. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे फाँट फुकट आहेत. अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या विसाव्या भागाइतकी, पांढरे अक्षर, काळी कड, जास्तीत जास्त दोन ओळी. मराठी फिल्मला कानडी, कानडी फिल्मला मराठी. दोन्ही एकदम छापले की चित्र बघायला जागा उरत नाही.

अभंगाचे ध्रुपद दहा वेळा येते म्हणून सबटायटल दहा वेळा देऊ नका. पहिल्यांदा द्या, मग लोकांना ऐकू द्या.

फिल्ममध्ये तुकोबांचा अभंग आहे. तुकोबांना कुठली रॉयल्टी?
— भजनी मंडळ, उगार

शब्दांना नाही. पण गाण्यात तीन थर असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षे. तुकोबांचे शब्द मोकळे, पण अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल मोकळी नाही आणि कंपनीने काढलेली कॅसेट तर नाहीच. तुमच्याच मंडळाने परंपरागत चालीत गायलेले तुम्ही रेकॉर्ड केले असेल तर प्रश्न उरतो गाणाऱ्यांच्या संमतीचा. कलाकाराचा हक्क ५० वर्षे असतो. एका कागदावर नाव, तारीख, फिल्मचे नाव, 'महोत्सव आणि इंटरनेट दोन्हीकडे दाखवण्यास संमती', मानधन किती, खाली सही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि तेही चित्रित करा.

'दहा सेकंदांपर्यंत चालते' ही थाप आहे. कायद्यात असा आकडा नाही. हॉलवाल्याने गाणी वाजवण्यासाठी घेतलेले आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स तुमच्या फिल्मला लागू होत नाही, त्याचा चित्राला गाणे जोडण्याशी संबंध नाही. मिरवणुकीच्या चित्रणात मागे डीजेवर सिनेमाचे गाणे असेल तर तो आवाज काढून ढोलताशाचा वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज घाला.

प्रवेश फुकट आहे. मग सेन्सॉर लागते का?
— एक वाचक, बेळगाव

फुकट असले तरी जाहीर प्रदर्शन ते जाहीरच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. आपल्यासाठी प्रमाणन मंडळाचे प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूला आहे. महोत्सवासाठी दुसरी वाट आहे. कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकते. त्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे फिल्मची यादी, सारांश आणि निवड समितीचे पत्र देऊन अर्ज करायचा असतो; महोत्सव बिगरव्यावसायिक हवा आणि प्रेक्षक आधी नोंदणी केलेले प्रतिनिधी हवेत. म्हणून दारावर तिकीट फाडण्याऐवजी आठवडाभर आधी प्रतिनिधी-पत्रे द्या. जागेच्या परवानगीचे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, लाऊडस्पीकरचे पोलीस ठाण्यात. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद.

ऐन फिल्ममध्ये लाईट गेली तर?
— एक वाचक, कागवाड

प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला एक केव्हीएचा यूपीएस द्या, ॲम्प्लिफायर त्यावर लावू नका. लॅम्पचा प्रोजेक्टर झटक्यात बंद झाला की पंखाही थांबतो आणि लॅम्प तापून खराब होतो. यूपीएस मुख्यतः त्यासाठी. जनरेटर भिंतीपलीकडे तीस मीटरवर, २.५ चौरस मिमीच्या केबलने.

संगीताच्या फिल्मचा वेगळा महोत्सव कुठे असतो का? आणि आम्ही कधी घ्यावा?
— एक वाचक, कडोली

असतो. बार्सिलोनाचा इन-एडिट २००३ पासून संगीत-माहितीपटच दाखवतो. विषयांना आपल्याकडे तोटा नाही: सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव बेळगावजवळच आहे आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले सतार-तंबोरे घडवणारे मिरज अथणी-कागवाडकडच्या लोकांना रोजचे.

तारखेचे म्हणाल तर पत्र्याच्या हॉलला पावसाळा नको, एक सर आली की संवाद बुडतात. १ नोव्हेंबरच्या आसपास परवानगी मागायला जाऊच नका; एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस, का ते सांगायला नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की लॉजच्या खोल्या आणि पोलीस दोन्ही मिळत नाहीत. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असते, तेव्हा चौंडकेवाले डोंगरावर असतात. उरतो जानेवारी. पडदा उघड्यावर असेल तर दव पडते. प्रोजेक्टर गार खोलीतून आणल्यावर लेन्स धुकटते, म्हणून तो अर्धा तास आधी बाहेर आणून सुरू करून ठेवा.