आधी मूळ कागद

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तू म्हणालीस, "काका, आता फक्त कवितेवर लिहीन. घडामोडींवर एक ओळ नाही." पहिलीपासूनच्या हिंदीवर लिहिलंस, कुणी चूक दाखवली आणि तू लेखणीच ठेवून दिलीस. मला ते रात्रभर टोचत राहिलं.

चूक कुठे झाली ते बघ. तू भांडलीस पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणाऱ्या १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाशी, पण लिहिलंस जून सरताना. मध्ये १७ जूनला दुसरा निर्णय निघाला होता. त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान २० मुलं हवीत, ही अटही आली. अगं, सगळा वाद त्या 'सर्वसाधारणपणे'मध्ये होता! कवितेतल्या एका शब्दावरून तासभर हुज्जत घालतेस तू, आणि हा शब्द तुझ्या नजरेतून सुटला? सुटला, कारण तू बातमी वाचलीस, कागद वाचला नाहीस. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, म्हणून तुझी चूक भरून निघत नाही. मूळ कागद वाच.

माझा हा राग जुना आहे. १९८२च्या गिरणी संपात मी बावीस वर्षांचा, लालबागच्या चाळीत राहणारा. कॉलेजच्या अंकात ऐटीत लिहिलं: संप कशाला, संपाचे पुढारी दत्ता सामंतांनी मालकांशी बसून बोलावं. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि ती युनियन सामंतांची नव्हती. तो कायदाच जावा, ही संपाची एक मागणी होती. मी कायदा उघडूनही पाहिला नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर गिरणीतले एक बदली कामगार राहायचे, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच काम मिळणारे. त्यांनी तो अंक वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला. बोलले काहीच नाहीत. पावसाळ्याआधी बिऱ्हाड आवरून कोकणात गेले, ते कायमचेच. माफी मागायची राहून गेली.

तेव्हापासून मी मूळ वाचल्याशिवाय मत देत नाही. एका संपादकांकडे चार दिवसांची मुदत मागितली, तर त्यांनी पुढे मला विचारणंच सोडलं. सोडू देत. ते चार दिवस मला लागणारच होते, आजही लागतील.

कवितेच्या आडोशाला जाऊन सुटका होईल असं वाटतंय का तुला? नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर मुंबईच्या वेश्यावस्तीचा तो भाग फिरून आले, अडलेले शब्द त्यांनाच विचारले. तिथेही मूळच, बाई.

रविवारी सकाळी ये. दोन्ही निर्णय छापून आण, पेन्सिल आण. पहिल्या ओळीपासून बसू.

तुझा,
काका