मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी घर तारण ठेवावे का?

प्रश्न: माझे वय 54 असून मी सांगलीत नोकरी करतो; हातात 82 हजार रुपये येतात आणि 58 व्या वर्षी निवृत्ती आहे. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या मुलीला पुण्यात वार्षिक साडेचार लाखांची नोकरी मिळाली आहे, पण ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीलाही प्रवेश मिळाला आहे. घर तारण ठेवून 30 लाखांचे कर्ज काढावे आणि उरलेला खर्च पीएफमधून भागवावा का?

उत्तर: मुलीने जरूर जावे, मात्र या रकमेत आणि या घाईने नव्हे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका बहुधा तारण मागतातच, त्यामुळे घर तारण ठेवण्याला माझी हरकत नाही. प्रश्न असा आहे की, तिला परत यावे लागले तर पुण्याच्या पगारात हप्ता बसेल का?

साडेदहा टक्के दराने 30 लाखांवर शिक्षणाचे एक वर्ष आणि पुढील सहा महिने यांचे व्याज साचून देणे पावणेपस्तीस लाखांच्या घरात जाते आणि दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 47 हजार रुपये पडतो. पुण्याची नोकरी कापाकापीआधीच 37,500 रुपयांची आहे. उरलेला भार आपल्यावर येईल आणि हप्ते सुरू झाल्यावर दोनेक वर्षांतच आपण निवृत्त व्हाल.

परत यावे लागण्याची शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही. पदवीनंतर ब्रिटनमध्ये राहण्याची दोन वर्षांची मुभा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिन्यांवर येत आहे. पुढे कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण पगारमर्यादा 41,700 पौंड असून नव्याने नोकरीत येणाऱ्यांनाही किमान 33,400 पौंड दाखवावे लागतात.

मी सुचवेन की तिने पुण्याची नोकरी धरावी, मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकावे आणि पुढील वर्षी जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत अर्ज करावा. तेथे बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. अपवाद मात्र नीट पाहावेत, कारण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे शुल्क त्याहूनही जास्त आहे. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा दाखला, आवश्यक असल्याने तो अर्ज लवकर करावा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो, म्हणजे 105 रुपयांच्या दराने सुमारे साडेबारा लाख, ठेवावे लागतात. ते तिचेच पैसे असून दरमहा 992 युरो याप्रमाणे तिच्या हाती येतात. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, पण दुसरे वर्ष केवळ त्या कमाईच्या भरवशावर ढकलू नये. पदवीनंतर नोकरी शोधण्यास 18 महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातील काम जर्मनमध्येच चालते, म्हणून भाषेवर घालवलेले हे वर्ष मला खर्च वाटत नाही.

यासाठी 18 लाखांचे कर्ज मंजूर करून घ्यावे, मुख्य कर्जदार तिला करावे आणि आपण सहकर्जदार राहावे. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलावी. शिक्षण सुरू असताना व्याज आपण भरत राहिलात, तर पूर्ण उचल झाल्यावरही ते महिना 16 हजारांच्या आत राहील आणि नंतरचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे 24 हजार पडेल, जो पुण्याच्या पगारातूनही, ओढाताणीने का होईना, भरता येईल. पीएफला मात्र हात लावू नये. शिक्षणाला कर्ज मिळते, निवृत्तीला मिळत नाही. ब्रिटनच्या विद्यापीठाची अनामत भरण्यापूर्वी ती परत मिळण्याच्या अटी लेखी मागवाव्यात आणि हे दोन्ही हप्ते मुलीसमोर मांडून निर्णय तिच्यासोबत घ्यावा.