शेअर पडला म्हणून स्वस्त झाला असं नसते भाऊ
कॅसिनोचा शेअर घ्यायच्या आधी गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचं पाहून घे. 2023 च्या जुलैत जीएसटी कौन्सिलनं पूर्ण दर्शनी किमतीवर 28 टक्के टॅक्स ठरवला, शेअर धाडकन आपटला, तेव्हाही लोकं "डिप आहे, घ्या" म्हणत होते अन् सप्टेंबरात कंपनी नि उपकंपन्या मिळून जवळपास 16,800 कोटींच्या टॅक्सच्या नोटिसा आल्या, कंपनीची बाजारातली सगळी किंमत त्याच्या निम्मीही नव्हती बे! गिऱ्हाईकानं हजाराच्या चिप्स घेतल्या की टॅक्स पूर्ण हजारावर, कॅसिनोला उरलं त्यावर नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तर 40 टक्के.

मी एका दुसऱ्याच शेअरात असाच ॲव्हरेज करत, म्हणजे भाव पडला की अजून घेत गेलतो, बर्डीवर तर्री पोहे खाता खाता ऑर्डर टाकायचो, प्लॉटचे दीड लाख अडकले, बायकोले अजून सांगितलं नाही.

ॲन्युअल रिपोर्टमधली कंटिन्जंट लायबिलिटीची, म्हणजे पुढं अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांची नोट आधी वाच. कोर्टाचा स्टे, म्हणजे तात्पुरती स्थगिती, म्हणजे नोटीस रद्द नाही. आणि "महाराष्ट्रात लायसन येणार" वाली टिप सोडून दे, आपला 1976 चा कॅसिनो कायदा कधी लागू झालाच नाही, 2023 मध्ये रद्दच केला. घ्यायचेच तर पाच-दहा शेअर घेऊन दोन तिमाही नुसतं पाहत राह्य.