बूस्ट वाढवायचाय? आधी नळी बघ

प्रश्न : काका, मी सातपूरचा. डिप्लोमा करून सध्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. या मोसमात जुनी स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) घेतली. ८०० सीसी टू-स्ट्रोक, आधीच्या मालकाने बाहेरचं टर्बो किट (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारं) बसवलेलं. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट सोडून देणारी झडप) वेगळा आहे आणि हँडलजवळ बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, कमी-जास्त करायची घुंडी आहे. घुंडी पूर्ण बंद ठेवली की खाली पार्किंगपाशी ६ पीएसआय (दाबाचं माप) मिळतो. पण सकाळच्या पहिल्या फेरीत फुल थ्रॉटलला काटा मध्येच सरळ ११ वर जातो. दुपारी तसं होत नाही. आणि वर डोंगरावर काटा ६ दाखवतो तरी गाडीत दम वाटत नाही. मला वर ९-१० हवाय. घुंडी किती फिरवू?
— सातपूर कॉलनीचा वाचक

उत्तर : घुंडीला अजून हात लावू नकोस. तू दोन वेगळी दुखणी एकाच पत्रात लिहिली आहेस. पहिलं बरं केल्याशिवाय दुसऱ्याकडे गेलास तर पिस्टनला भोक पडेल.

आधी ११ चं बघू. वेस्टगेटच्या डोक्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून एक बारीक नळी त्या पडद्याखाली येते. बूस्टचा दाब स्प्रिंगपेक्षा वरचढ झाला की झडप उघडते आणि जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. म्हणजे तुझ्या इंजिनाचा जीव त्या बारीक नळीवर आहे. दाब पडद्यापर्यंत पोचला नाही तर झडप बंदच राहते आणि बूस्ट वाटेल तिथे जातो.

सकाळी होतं, दुपारी होत नाही, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. मला नव्वद टक्के वाटतं की नळीत बर्फ आहे. आदल्या दिवशीचा ओलावा नळीच्या झोळात साठतो, रात्री गोठतो आणि बूच बसतं. बॉनेटखाली ऊब आली की वितळतं, आणि दुपारी तू गेज बघतोस तेव्हा सगळं शहाण्यासारखं चाललेलं असतं. आमच्याकडे अंबडच्या गॅरेजात असला बिघाड जन्मात येणार नाही, पण थंड मुलखात तो अगदी साधा आहे. घुंडी उघडली की नळीतली थोडी हवा बाहेर सोडते, पडद्याला दाब कमी कळतो आणि बूस्ट वाढतो. घुंडीचं हे हवा सोडायचं बारीक भोक गोठलं तर उलट होतं, बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर येऊन थांबतो. त्यात नुकसान नाही. पडद्याकडे दाब नेणारी नळी गोठली तर मात्र आहे.

नळी काढ, फुंकून बघ, आणि नवीन टाक. जमेल तितकी आखूड, कुठेही झोळ नाही, उतार असा की पाणी आपोआप खाली जाईल, दोन्ही टोकांना क्लिप. मग घुंडी बाजूला काढून कॉम्प्रेसर ते वेस्टगेट थेट जोडणी कर आणि दोन-चार सकाळी तशीच चालव. काटा ६ च्या पुढे गेला नाही तर आजार सापडला. गेलाच, तर वेस्टगेट उतरवून टेबलावर घे, रेग्युलेटर लावून हळूहळू हवा दे आणि झडप कितीला उचलते ते बघ. ६ च्या थोडं आधीच ती हलायला हवी. अडकत असेल तर काजळी किंवा वाकलेली दांडी. पडद्यातून हवा फुसफुसत असेल तर पडदा फाटलाय. मी आयुष्यभर डिझेल पंपाच्या टेस्ट बेंचवर काम केलं आहे. गाडीवर बसून अंदाज बांधणाऱ्यांपेक्षा टेबलावर दाब मोजणाऱ्याचं काम लवकर संपतं.

आरपीएम चढेल तसा बूस्टही संथपणे चढत गेला असता आणि थंडी-ऊन काही फरक पडला नसता, तर मी वेस्टगेटचं तोंड लहान पडतंय असं म्हटलं असतं. त्यावर कुठलीच घुंडी चालत नाही, मोठा वेस्टगेट लागतो. तुझं तसं दिसत नाही.

आता डोंगरावरच्या दमाबद्दल. तुझा गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे एवढंच सांगतो. वेस्टगेटच्या पडद्याची दुसरी बाजूही बाहेरच्या हवेलाच उघडी असते, त्यामुळे कितीही उंचीवर तो ६ च धरणार. बाहेरची हवाच विरळ झाली त्याचं काय? आपलं नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ०.९४ बारच्या आसपास (१ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय). २,४०० मीटरवर तो ०.७६ च्या आत येतो. तुझी पार्किंग नाशिकच्या उंचीला आणि डोंगराची धार २,४०० ला धरली, तर फरक पावणेतीन पीएसआयचा. म्हणजे खालच्या ६ इतकीच हवा वर हवी असेल तर काटा पावणेनऊच्या जवळ पाहिजे. तुझी ९-१० ची मागणी अवास्तव नाही, एवढं मान्य.

कारखान्यातून टर्बोसकट निघालेली पहिली टू-स्ट्रोक स्नोमोबाईल म्हणजे २०२० मॉडेलची स्की-डू समिट ८५० ई-टेक टर्बो. ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम, असं त्या गाडीचं गणित आहे. तिथे कॉम्प्युटर उंचीप्रमाणे बूस्ट वाढवतो. तुझ्या गाडीत ते काम तुलाच करायचंय, आणि खाली उतरताना घुंडी परत बंद करायची आठवणही तुलाच ठेवायची आहे. बहुतेक जण इथेच मार खातात.

फुकट मात्र काही नाही. खाली टर्बो हवा साधारण १.४४ पट दाबतो. वर तेवढाच एकूण दाब द्यायला त्याला १.८ पट दाबावी लागेल. टर्बो जास्त फिरेल, हवा जास्त तापेल. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर नसेल तर ९-१० चा विचार सोडून दे.

पेट्रोलचं नीट ऐक. तिकडच्या पंपावर ऑक्टेन (पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटता किती टिकतं त्याचा आकडा) ९१ लिहिलेलं असतं ते दोन पद्धतींच्या मोजमापाची सरासरी असते. आपल्याकडचा आकडा नुसत्या रिसर्च ऑक्टेनचा. तिकडचं ९१ म्हणजे इथलं साधारण ९५. त्यामुळे ते हलकं पेट्रोल नाही, पण टर्बो लावलेल्या टू-स्ट्रोकला ते कुठवर पुरेल हे किट बनवणाऱ्याच्या कागदावर बघ. त्यांनी १० साठी रेस फ्युएल (शर्यतीच्या गाड्यांचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल) लिहिलं असेल तर रेस फ्युएलच.

शिवाय उणे २० अंशांची हवा आपल्या एप्रिलच्या ४० अंशांच्या हवेपेक्षा, दाब तोच असला तरी, जवळजवळ चोवीस टक्के घट्ट असते. किती इंधन द्यायचं ते ठरवणाऱ्या तुझ्या फ्युएल बॉक्सला तापमानाचा सेन्सर नसेल तर थंड सकाळी इंजिन आपोआप लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. त्यात नळी गोठून ११ आला, की दोन्ही एकदमच. अजून इंजिन शाबूत आहे हे तुझं नशीब.

तेव्हा आधी इंधन वाढव, मग बूस्ट. एकेक पीएसआय. प्रत्येक पायरीला फुल थ्रॉटलची एक धाव, तिथल्या तिथे इंजिन बंद, आणि प्लग काढून बघ. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते कण दिसले तर मागे ये. एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज नसेल तर घुंडीआधी तो घे.

आणि क्लच विसरू नकोस. तुझ्या गाडीला गिअर नाहीत, स्कूटरसारखा पट्टा आहे. ताकद वाढली की तीच क्लचची वजनं इंजिनाला आवरू शकत नाहीत, आरपीएम ठरल्यापेक्षा वर पळतो. एक्झॉस्ट पाइप ज्या आरपीएमला जुळवलेला असतो तिथून इंजिन बाहेर गेलं, की वाढवलेला बूस्ट वाया. वजनं वाढवावी लागतील. तुझ्या वर्कशॉपात वजनांचा संच नक्की असेल, मालकाला विचार.

प्रश्न : पिकअप आहे, टर्बो डिझेल. वाशीला द्राक्षं टाकून रिकामी परत येताना कसारा घाटात ओढत नाही, काळा धूर टाकते. मेकॅनिक म्हणतो टर्बोचा रॉड (वेस्टगेटची झडप हलवणारी दांडी) आवळून बूस्ट वाढवू. करू का?
— दिंडोरीचे एक बागायतदार

उत्तर : दादा, नाही म्हणा त्याला. रिकामी गाडी काळा धूर टाकते म्हणजे डिझेल पुरेसं जातंय, हवा पोचत नाही. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही पाइप पुसून घ्या, एक वाशीची खेप करा आणि परत बघा. जिथे क्लिपजवळ तेलकट काळा डाग आला असेल तिथून बूस्ट बाहेर जातोय. रबरी पाइप हाताने वाकवूनही बघा, चीर बहुधा खालच्या बाजूला असते. एअर फिल्टर तर बघाच, छाटणीनंतरची धूळ त्यात किती बसते हे तुम्हाला मी काय सांगणार. रॉडच्या नटवर कंपनीची रंगाची खूण असते. ती तुटलेली दिसली तर कोणीतरी आधीच हात मारलाय असं समजा, आणि पहिल्यांदा तो रॉड पंप लावून कंपनीच्या मापावर आणून घ्या.