आरोग्य प्रश्नोत्तरे : श्वासावरून आतड्याची तपासणी

प्रश्न : माझे वय ५२ असून मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडे जेवणानंतर पोट फुगते आणि मधूनमधून जुलाब होतात. लहान आतड्यात जिवाणू वाढल्याची शंका येऊन डॉक्टरांनी ग्लुकोज देऊन श्वासाची चाचणी सुचवली आहे. बहिणीला याच चाचणीत लॅक्ट्युलोज दिले होते. हा फरक कशासाठी? पोटातले श्वासावरून कळते कसे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या शरीरातील पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तो आतड्यातील जिवाणू साखर आंबवतात तेव्हा निर्माण होतो, रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. म्हणून साखरेचे द्रावण पाजून ठरावीक वेळाने श्वासाचे नमुने घेतात. पहिल्या ९० मिनिटांत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा किमान २० पीपीएमने (दशलक्ष भागांत २० भाग) वाढला, तर चाचणी सकारात्मक धरतात. मिथेन हा आतड्यातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारा दुसरा वायू मात्र केव्हाही १० पीपीएम किंवा अधिक आढळला तरी त्याची नोंद घेतली जाते, आणि त्याचा संबंध बहुधा बद्धकोष्ठतेशी असतो.

खरा प्रश्न साखरेच्या निवडीचा आहे. लॅक्ट्युलोज पचत नाही, ते मोठ्या आतड्यापर्यंत जाते, आणि तिथे जिवाणू एरवीही भरपूर असतात. त्यामुळे ज्यांच्या आतड्याची गती जलद आहे त्यांच्यात ते तेथे लवकर पोहोचून, आजार नसतानाही अहवाल सकारात्मक येऊ शकतो. ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जात असल्याने ही गफलत कमी होते, परंतु शेवटच्या भागातील वाढ निसटू शकते. आपल्याला जुलाब होत असल्याने ग्लुकोजची निवड मला योग्य वाटते. तरीही ही चाचणी अचूक नाही, आणि केवळ अहवालावरून प्रतिजैविके सुरू करणे मला मान्य नाही. लक्षणे व पूर्वेतिहास यांच्याशी तो जुळवून पाहिलाच पाहिजे.

तयारीत हयगय झाली तर अहवाल फसवा येतो. आधीचे चार आठवडे प्रतिजैविके आणि एक आठवडा रेचके घेतलेली नसावीत. घेतली असल्यास तसे सांगावे. आदल्या दिवशी डाळ, उसळ, पोळी, दूध, कांदा, लसूण व फळे टाळून साधा पांढरा भात, आणि चालत असल्यास अंडी किंवा मासे खावेत. त्यानंतर ८ ते १२ तास उपाशी राहावे. चाचणीच्या दिवशी धूम्रपान आणि व्यायाम वर्ज्य.

ग्लुकोजची मात्रा सहसा ७५ ग्रॅम असते. आपल्याला मधुमेह असल्याने त्या सकाळच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. मनाने काहीही बंद करू नका.