दार्जिलिंगच्या टॉय ट्रेनने जाताना घूम स्टेशनवर उतरावं का?

हो, नक्की उतरा. २,२५८ मीटरवरचं घूम हे भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. गंमत म्हणजे ते दार्जिलिंगपेक्षाही उंचावर आहे, त्यामुळे दार्जिलिंगहून निघालेली गाडी आधी चढच चढते. १८८१ पासूनचा हा मार्ग १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, आपल्या माथेरानच्या गाडीइतकेच. स्टेशनातलं छोटं रेल्वे संग्रहालय चुकवू नका. वाटेत बतासिया लूप लागतो; तिथे गाडी स्वतःभोवतीच वळसा घेऊन उंची कमी-जास्त करते. वेळ कमी असेल तर दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही जॉयराइड पुरेशी आहे. स्वेटर मात्र हाताशी ठेवा, घूमला धुकं कधी उतरेल नेम नाही.