लोकवर्गणीतून पुढाऱ्याला दिलेली वस्तू: भेट, देणगी, थैली की नजराणा?

प्रश्न असा आहे: एखाद्या लोकप्रतिनिधीसाठी समर्थकांनी ऑनलाइन पैसे जमवले आणि त्यातून त्याला गाडी घेऊन दिली, तर मराठीत त्याला काय म्हणायचं? विचारणाऱ्याची अडचण रास्त आहे. ‘देणगी’ म्हटलं तर पक्षाला पैसे दिल्यासारखं वाटतं, ‘भेट’ फारच घरगुती वाटतं आणि ‘नजराणा’ लिहिलं तर थेट आरोप केल्यासारखं होतं. पुढे त्यांनी असंही विचारलं आहे की, हजारो लोकांनी थोडेथोडे दिलेले पैसे असतील तर त्याला लाच म्हणणं चुकीचं नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं बरंचसं उत्तर त्यातच मिळतं. कारण हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येणारे नाहीत. कोणी कोणाला दिलं, देणारा खाली उभा होता की बरोबरीने, आणि दिल्यावर हिशेब कोण विचारणार, हे प्रत्येक शब्दात आधीच ठरलेलं असतं.

‘क्राउडफंडिंग’ला ‘लोकवर्गणी’ हा शब्द चांगला आहे, नवा घडवायची गरज नाही. वर्गणी काढतात, जमवतात, गोळा करतात. देणारा ती भरतो. ती कशासाठी तरी असते आणि तिच्यामागे पावतीपुस्तक असतं. ‘वर्गणीचा हिशेब’ हे शब्द आपण सहज जोडीने वापरतो. किती जमले, किती खर्च झाले, उरले त्याचं काय केलं, हे विचारायचा हक्क दहा रुपये भरणाऱ्यालाही असतो आणि तो विचारला म्हणून कोणी त्याला कोता म्हणत नाही. ‘भेटीचा हिशेब’ मात्र कोणी मागत नाही. दिलेल्या भेटीबद्दल मागाहून चौकशी करणं आपल्याकडे असभ्यपणाच समजतात.

आता ही गाडी पाहा. पैसे जमवताना ती वर्गणी होती. गाडीच्या किल्ल्या पुढाऱ्याच्या हातात पडल्या त्या क्षणी ती भेट झाली. शब्द बदलला आणि त्याबरोबर हिशेबही गळून पडला. जास्तीचे पैसे जमले होते का, ते कोणाकडे राहिले, गाडी कोणाच्या नावावर झाली, पद गेल्यावर ती कोणाची, हे विचारणारा माणूस आता कुरकुऱ्या ठरतो. मला या सगळ्या प्रकारात खटकतं ते हे मधलं शब्दांतर. म्हणून लिहिणाऱ्याने दोन्ही टोकं वाक्यात ठेवावीत: ‘लोकवर्गणीतून घेतलेली गाडी अमुक यांना वैयक्तिक वापरासाठी देण्यात आली.’ वाक्य लांबतं, पण त्यातून काही निसटत नाही.

‘भेट’ या शब्दाची आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. मराठीत गाठ पडणं म्हणजेही भेट आणि दिलेली वस्तू म्हणजेही भेट. सत्तेवरच्या माणसाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत शिरतात. मोठी भेट देणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरी भेट हवी असते: दहा मिनिटं वेळ, दार उघडं, फोन उचलला जाणं. वर्गणी भरणाऱ्या हजारो जणांना ती मिळत नाही. ती मिळते वर्गणी गोळा करणाऱ्याला, कारण किल्ली देतानाच्या फोटोत तो शेजारी उभा असतो. पैसे सगळ्यांचे आणि ओळख एकाची, असा हा व्यवहार आहे.

‘नजराणा’ अनेकांना ‘नजर’ म्हणजे दृष्टी या शब्दावरून आलेला वाटतो. तसं नाही. अरबीत दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत येताना त्यांचा उच्चार एकच झाला. नजराण्याच्या मागचा शब्द आहे ‘नज्र’, आणि त्याचा मूळ अर्थ नवस, वाहिलेली गोष्ट. फारसीतून तो दरबारात आला आणि वरिष्ठापुढे रिकाम्या हाताने न जाणं असा त्याचा व्यवहार झाला. नजराणा नेहमी खालून वर जातो. राजाने प्रजेला दिलं तर ते इनाम किंवा बक्षीस, नजराणा कधीच नाही. त्यामुळे पदावर असलेल्या माणसाला, ज्यांची कामं त्याच्या सहीवर अडतात अशांनी काही दिलं, तर ‘नजराणा’ हा शब्द आरोप म्हणून नव्हे, वर्णन म्हणूनच बसतो. तो लिहायला संकोच वाटू नये.

मुळातला नवसाचा अर्थ तर आजही जिवंत झालेला दिसतो. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीचा प्रश्न सिनेटपुढे होता. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्या मतासाठी विरोधकांनी ‘क्राउडपॅक’ या संकेतस्थळावर लोकवर्गणी सुरू केली. अट अशी की कॉलिन्स यांनी कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिलं तरच लोकांच्या कार्डांवरून पैसे कापले जातील आणि ते पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला मिळतील. विरोधात मत दिलं तर कोणाचा एक डॉलरही जाणार नाही. हा मला लाच देण्याचाच प्रयत्न आहे, असं कॉलिन्स यांनी जाहीरपणे म्हटलं. वर्गणी काढणाऱ्यांच्या मते ही सरळ राजकीय मोहीम होती. कॉलिन्स यांनी कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिलं आणि जमलेले लाखो डॉलर विरोधी उमेदवाराच्या वाट्याला गेले. यात कॉलिन्स यांच्या हातात काहीच पडणार नव्हतं, तरी मताला किंमत लावली गेली होती. असं केलंस तर असं करीन, हा नवसच. ‘देणगी’ हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. ‘सशर्त वर्गणी’ म्हणावं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि तिला मराठीत फार चांगला शब्द आहे: थैली. थैली अर्पण करतात. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या साठीनिमित्त त्यांना एक लाख रुपयांची थैली देण्यात आली आणि ती त्यांनी राष्ट्रकार्यासाठी लावली. १९१९ साली लंडनमध्ये ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर घातलेला बदनामीचा खटला ते हरले, तेव्हा त्या खर्चाच्या भरपाईसाठीही लोकांनी फंड जमवला. टिळकांच्या हातात त्या वेळी कोणाचं काम करून द्यायची सत्ता नव्हती, उलट सरकार त्यांच्या मागे लागलेलं होतं. देणाऱ्याला परत मिळण्यासारखं काही असलंच तर पोलिसांची नजर. अशा देण्यात आणि मंत्र्याला दिलेल्या गाडीत, रक्कम आणि देणाऱ्यांची संख्या सारखी धरली तरी, जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुढे ‘थैली’लाही वाईट वास लागला आणि ‘थैलीशहा’ हा शब्द रूढ झाला, हे खरं. पण ‘थैली अर्पण करणे’ अजून स्वच्छ आहे आणि ते स्वच्छच ठेवावं. व्यक्तीच्या हाती देऊन कामासाठी वापरायचे पैसे, एवढ्यापुरतंच.

डॅनियल ओकॉनेल यांचं उदाहरण या दोन्हींच्या मधे पडतं. आयर्लंडच्या या पुढाऱ्याने चांगली चाललेली वकिली राजकारणासाठी सोडली आणि त्याच्या निर्वाहासाठी दरवर्षी गरीब आयरिश लोकांकडून वर्गणी जमवली जाई. विरोधक त्याला भिकाऱ्यांचा राजा म्हणत. पण ब्रिटिश संसदेच्या सदस्यांना १९११ पर्यंत पगारच नव्हता. घरचा श्रीमंत नसलेल्या माणसाने राजकारण करायचं तरी कसं? इंग्लंडच्या रिचर्ड कॉब्डेन यांनी धान्य कायद्यांविरुद्धच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या धान्यावर जकात लावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या, लढ्यात स्वतःच्या कापडधंद्याकडे दुर्लक्ष केलं. १८४६ साली ते कायदे रद्द झाल्यावर लोकांनी वर्गणी काढून त्यांना ऐंशी हजार पौंडांच्या आसपास रक्कम दिली. ते तेव्हा खासदार होते आणि पुढेही राहिले. मला हे गैर वाटत नाही, पण ‘भेट’ म्हणून नव्हे. ओकॉनेल यांच्या बाबतीत मी ‘निर्वाहनिधी’ म्हणेन, कॉब्डेन यांच्या बाबतीत ‘कृतज्ञतानिधी’. पगार ठरलेला नसताना या शब्दांना आधार होता. आज पगार, भत्ता, निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रतिनिधीला तो आधार उरत नाही.

आता लाचेचा प्रश्न. ‘लाच’ हा संस्कृत ‘लञ्चा’वरून आलेला शब्द. कायद्यातला गुन्हा म्हणून तो वापरायचा तर ठरावीक कामाशी जोड दाखवावी लागते. ती दाखवता येत नसेल तर लिहू नये. पण लाच ठरत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असंही होत नाही. मराठीत याच मधल्या जागेसाठी ‘मिंधा’ हा नेमका शब्द आहे. मिंध्या माणसाने काही करून दिलेलं नसतं, पण वेळ येईल तेव्हा त्याची जीभ रेटत नाही. पुढाऱ्यांच्या भेटींवर जगभर मर्यादा आहेत त्या या मिंधेपणासाठी. अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत सदस्याला एका वेळी ५० डॉलरपेक्षा कमी किमतीची भेट घेता येते आणि एकाच व्यक्तीकडून वर्षभरात १०० डॉलरच्या आतच. ब्रिटिश खासदाराला संसदेतल्या कामाशी संबंधित, ३०० पौंडांवरची भेट जाहीर नोंदवावी लागते.

या मर्यादा देणारा एक असेल असं धरून केलेल्या आहेत. पाच-पाच डॉलर देणारे दहा हजार जण आले तर प्रत्येकाचं देणं मर्यादेच्या कितीतरी आत असतं आणि पुढाऱ्याच्या दारात उभी असते ती वस्तू पन्नास हजारांची. त्यातले सगळे खरोखर वेगळे असतील तर मिंधेपणा इतका पातळ होतो की धोका थोडाच. पण एकाच धनवंताने शंभर नावांनी पैसे भरले असतील तर? त्यासाठी आपल्याकडे ‘बेनामी’ हा शब्द तयार आहे, आणि ऑनलाइन वर्गणीत बेनामी होणं फार सोपं आहे. कोणी म्हणेल, नाव न सांगणं म्हणजे गुप्तदान, ते तर पुण्याचं. गुप्तदानात घेणाऱ्यालाही देणारा ठाऊक नसतो, तिथेच त्याचं मोल आहे. पुढाऱ्याला नाव माहीत आणि जनतेला नाही, अशा देण्याला गुप्तदान म्हणून त्या शब्दाचा अपमान करू नये.

एक शब्द विचारणाऱ्यांनी काढलेला नाही, पण तो हवा: खंडणी. वर्गणीला नाही म्हणता येतं. कंत्राटदार, हाताखालचे कर्मचारी, परवान्यासाठी अर्ज केलेले दुकानदार यांच्याकडे यादी फिरली आणि कोणी किती भरले ते साहेबांना कळणार असेल, तर नाही म्हणायची सोय राहत नाही. भिडेपोटी दिलेली ती वर्गणी आणि भीतीपोटी दिलेली ती खंडणी. मधली रेघ फार पुसट असते. अमेरिकी संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांना आपल्या वरिष्ठाच्या भेटीसाठी सहकाऱ्यांकडून पैसे मागायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, लग्न, निवृत्ती अशा क्वचित येणाऱ्या खास प्रसंगी किरकोळ रकमेपुरती सूट सोडली तर. नियम करणाऱ्यांना भीड काय असते ते ठाऊक होतं.

तेव्हा विचारलेल्या गाडीबद्दल माझं उत्तर: पुढारी पदावर असेल आणि गाडी त्याच्या नावावर झाली असेल तर ‘लोकवर्गणीतून नजराणा’ लिहा. गाडी कार्यालयाच्या किंवा पक्षाच्या नावावर असेल तर ‘देणगी’. पदावर नसलेल्या माणसाला कामासाठी पैसे दिले असतील तर ‘थैली’. क्रियापदही जपून निवडावं. ‘मिळाली’ म्हटलं की घेणारा सुटतो, जणू गाडी आपसूक येऊन उभी राहिली. त्याला नाही म्हणता येत होतं, म्हणून ‘स्वीकारली’ लिहावं. आणि नाही म्हटलं असेल तर ‘परत केली’ आणि ‘नाकारली’ यांतही फरक आहे: पहिल्यात गाडी काही दिवस दारात उभी होती.